विपत्तींतील कृतज्ञता

दुःखांत सांपडलेल्या माणसाला 'देवानें केलें तें बऱ्याकरितांच केलें, त्याचे आभार मान' असें सांगणें फार सोपें आहे. सांगणारा सांगून आपल्या घरीं जातो. ऐकणाऱ्याला मात्र त्याच रिकाम्या घरांत रात्र काढावयाची असते. ज्याचें मूल नुकतेंच गेलें आहे, ज्याची नोकरी सुटली आहे, किंवा ज्याच्या घरीं महिनोन्महिने दुखणें ठाण मांडून बसलें आहे, त्याला असा उपदेश सांत्वनासारखा न लागतां जखमेवरच्या मिठासारखा लागतो. सुखांत कृतज्ञ असणें हा साधा शिष्टाचार झाला. परंतु विपत्तींतही माणसानें कृतज्ञ असावें, असा आग्रह ख्रिस्ती धर्मांत धरलेला आहे. त्याचा अर्थ तरी काय? हा आग्रह माणसाला स्वतःच्या दुःखाशीं खोटें बोलावयास शिकवितो काय? आणि तसें नसेल, तर संकटांतल्या माणसानें नेमकें काय करावें अशी त्याची अपेक्षा आहे?

प्रथम मूळ वचनाकडे वळूं या. प्रेषित पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीस इ. स. ५० च्या सुमारास लिहिलेलें पत्र हें नव्या करारांतील अति प्राचीन लेखांपैकीं एक होय. ज्या मंडळीला तें लिहिलें ती सुखवस्तु नव्हती. नवा धर्म स्वीकारल्यामुळें तिला आपल्याच नगरबंधूंकडून छळ सोसावा लागत होता. पत्राच्या अखेरीस पौल तिला सर्व स्थितींत उपकारस्तुति करावयास सांगतो. मूळ ग्रीक भाषेंत येथें जो शब्द योजला आहे त्याचा अर्थ 'मध्यें' असा आहे. 'बद्दल' असा नव्हे. हा भेद व्याकरणाचा दिसतो, पण त्यांत सगळें मर्म आहे. तापानें फणफणलेला रोगी तापाबद्दल कोणाचे आभार मानीत नाहीं. परंतु त्या तापांत रात्रभर उशाशीं बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणाऱ्या बहिणीचे आभार त्याला मानतां येतात. ताप वाईटच राहतो. बहीणही खरीच राहते. दोन्ही गोष्टी एकाच रात्रींतल्या असतात.

कोणी म्हणेल कीं, नव्या करारांतील दुसऱ्या एका पत्रांत सर्व गोष्टींबद्दल आभार मानावे असाही भाव आढळतो. तो आढळतो हें खरें. परंतु त्याचा अर्थ ज्यानें त्यानें ख्रिस्ताच्या चरित्राशीं ताडून पाहिला पाहिजे. बेथानी गांवीं आपल्या मित्राच्या, लाजाराच्या, कबरेपाशीं ख्रिस्त आला तेव्हां तो रडला. 'मृत्यु ही चांगली गोष्ट आहे, आभार माना' असें तो तेथें बोलला नाहीं. स्तोत्रसंहितेंतील कितीतरी स्तोत्रें हीं विलापाचीं आहेत. देव कोठें आहे, तो किती काळ तोंड लपविणार, असे थेट प्रश्न त्यांत विचारलेले आहेत, आणि तीं स्तोत्रें उपासनेंतून कोणीं वगळलीं नाहींत. हबक्कूक संदेष्टा अंजिराला फूल नाहीं, शेतांत पीक नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, अशी एकेका हानीची नोंद करून मगच आनंदाचा शब्द उच्चारतो. म्हणजे ह्या परंपरेंत कृतज्ञतेच्या आधीं दुःखाला त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारण्याची मोकळीक आहे. जी कृतज्ञता रडूं देत नाहीं, ती ख्रिस्ती कृतज्ञता नव्हे.

ह्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या रात्रीं ख्रिस्ताला शत्रूंच्या हातीं देण्यांत आलें, त्याच रात्रीं भोजनाच्या वेळीं त्यानें भाकर हातीं घेऊन उपकारस्तुति केली आणि ती मोडून शिष्यांना दिली. ख्रिस्ती मंडळीचा मुख्य विधि जो प्रभुभोजन, त्याला फार प्राचीन काळापासून 'युखारिस्तिया' हें ग्रीक नांव आहे, आणि त्याचा अर्थ केवळ 'उपकारस्तुति' एवढाच आहे. येथें तीन क्रिया एकामागून एक येतात : घेणें, आभार मानणें आणि वांटणें. पहिल्या दोहोंनंतर तिसरी आली नाहीं, तर दुसरी पोकळ ठरते.

ही वृत्ति एखाद्या माणसाच्या ठायीं प्रत्यक्ष कशी उतरते, हें पाहण्यासाठीं इतिहासांतलीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. एक परदेशांतलें आहे आणि एक घरचें.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत आयलेनबुर्ग नांवाचें, पूर्वीं तटबंदीचें असलेलें, एक शहर आहे. तीस वर्षांच्या युद्धांत, म्हणजे १६१८ पासून १६४८ पर्यंतच्या काळांत, आजूबाजूच्या मुलखांतले निर्वासित ह्या शहराच्या आश्रयास आले. मार्टिन रिंकार्ट हा तेथला धर्मोपदेशक. सन १६३७ मध्यें गर्दीनें फुगलेल्या त्या शहरांत प्लेगची साथ आली. रिंकार्टला कांहीं दिवशीं चाळीस-पन्नास प्रेतांचा अंत्यविधि करावा लागला. त्यानें एकंदर चार हजारांवर माणसांना मूठमाती दिली, आणि त्यांत त्याची स्वतःची पत्नी होती. सन २०२०-२१ मधील कोरोनाच्या साथींत ज्यांना आप्तांचें अखेरचें दर्शनही घडलें नाहीं, त्यांना ह्या चित्राची थोडीबहुत कल्पना येईल. साथीच्या मागून दुष्काळ आला, आणि त्याच्या मागून स्वीडिश सैन्याची जबर खंडणीची मागणी आली. रिंकार्ट स्वतः सेनापतीकडे रदबदली करावयास गेला आणि अखेर ती रक्कम पुष्कळच उतरली.

ह्याच रिंकार्टचें उपकारस्तुतीचें एक गीत आज जगांतील अनेक भाषांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत गातात. तें त्यानें प्लेगच्या धुमाळींत लिहिलें असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तें त्या साथीच्या कांहीं वर्षें आधींचें आहे, आणि आरंभीं तें मुलाबाळांनीं जेवणाच्या वेळीं म्हणावयाची प्रार्थना होतें. ह्या माहितीनें गीताचें मोल कमी होत नाहीं, उलट वाढतें. ह्याचा अर्थ असा कीं, कृतज्ञता हें संकटांत अकस्मात् सुचणारें काव्य नाहीं. ती रोजच्या ताटापाशीं बसून लावून घ्यावयाची संवय आहे. विहीर तहान लागल्यावर खणावयास घेतली तर उपयोग होत नाहीं. ती आधीं खणलेली असावी लागते. रिंकार्टच्या घरीं ती आधीं खणलेली होती, म्हणून १६३७ सालीं तिला पाणी लागलें.

आतां घरचें उदाहरण. पंडिता रमाबाईंचें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांस नव्यानें सांगावयास नको. परंतु त्यांच्या विद्वत्तेची आणि धर्मांतराची चर्चा जितकी झाली, तितकी त्यांच्या दुःखांची आणि त्या दुःखांचें त्यांनीं काय केलें ह्याची झाली नाहीं. सन १८५८ मध्यें सह्याद्रीच्या गंगामूळ नांवाच्या अरण्यांत त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकापवादाची पर्वा न करतां आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. आणि लक्ष्मीबाईंनीं तें धन कन्येच्या पदरीं घातलें. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणें सांगत गांवोगांव फिरूं लागलें. दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां जवळची पुंजी संपली, मग दागिने गेले, मग भांडीं गेलीं, आणि अखेर झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. अनंतशास्त्री, लक्ष्मीबाई आणि थोरली कन्या हीं तिघेंही थोड्याच काळांत एकामागून एक निघून गेलीं.

लक्ष्मीबाईंच्या मरणाच्या वेळची हकीकत स्वतः रमाबाईंनीं लिहून ठेवली आहे. तिरडी उचलावयास माणसें मिळेनात. मोठ्या मिनतवारीनें दोन ब्राह्मण आले. तिसरा खांदा थोरला भाऊ श्रीनिवास ह्यानें दिला आणि चौथी बाजू रमाबाईंकडे आली. त्यांची उंची कमी. खांद्यावर घेतली तर तिरडी कलती व्हावयाची. म्हणून त्या मुलीनें आपली बाजू डोक्यावर घेतली आणि आईला स्मशानांत नेलें.

पुढें भाऊबहीण हजारों मैल पायीं चालले. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं कडाक्याच्या थंडींत अंगावर घ्यावयास पांघरूण नव्हतें, तेव्हां दोघांनीं वाळूंत कबरेसारखे दोन खड्डे खणले आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून कोरड्या वाळूनें आपलीं शरीरें झांकून घेतलीं. सन १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें विद्वानांनीं रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पण सुखाची सांवली फार वेळ टिकली नाहीं. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं विवाह झाला, १८८१ मध्यें मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पति गेले. तेव्हां रमाबाईंस पुरीं चोवीस वर्षेंही झालीं नव्हतीं.

सन १८८३ मध्यें इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यावरून त्या काळीं फार मोठा वाद माजला. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. एवढेंच नमूद करावयास हवें कीं, चार वर्षांनीं, १८८७ सालीं, उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें तें आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलें. धर्म बदलला म्हणून आईचें ऋण बुडालें नाहीं. ज्या हातानें अक्षर गिरवून घेतलें, तो हात कोणत्या धर्माचा हें कृतज्ञतेला विचारावें लागत नाहीं.

११ मार्च १८८९ रोजीं रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन काढलें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. सदन लहानच होतें. अशा स्थितींत १८९६-९७ चा भयंकर दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून येणाऱ्या बातम्या ऐकून रमाबाईंच्या मनापुढें ते जुने दिवस उभे राहिले. हे दिवस आठवून दोन रीतींनीं वागतां आलें असतें. 'माझ्यावर ती वेळ आली तेव्हां कोण आलें होतें?' असें म्हणून दार लावून घेणें ही एक रीत. ती अनैसर्गिक मुळींच नाहीं. दुःख सोसलेलीं पुष्कळ माणसें अशींच कठोर होतात, आणि जगानें त्यांना दोष देण्यापूर्वीं विचार करावा. रमाबाईंनीं दुसरी रीत धरली. आपण उपाशी होतों, कोणी विचारपूस केली नाहीं, तरीही आपण वांचलों. हें वांचणें फुकट मिळालेलें आहे, तेव्हां त्याचें देणें लागतें, असा त्यांनीं हिशेब केला. त्या मध्यप्रांतांत गेल्या, दुष्काळपीडितांच्या छावण्या आणि अनाथांचीं आश्रयस्थानें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं, आणि जवळ पैसा नसतां तीनशें मुलींना सोडवून आणण्याचा संकल्प केला.

अडचणी येथेंच संपल्या नाहींत. पुण्यांत त्याच सुमारास प्लेग होता. नव्या मुलींना शहरांत ठेवतां येईना. पुण्यापासून सुमारें पंचावन्न किलोमीटरवर, रेल्वेच्या कांठीं, केडगांवास रमाबाईंनीं शेतजमीन घेऊन ठेवलेली होती. तेथें तंबू आणि तात्पुरत्या झोंपड्या उभारून ह्या मुलींची सोय केली, आणि त्यांतून मुक्तिसदन उभें राहिलें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही शेंकडों मुली आल्या, आणि वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. त्यांना नुसतें जेवूं घालून रमाबाई थांबल्या नाहींत. शाळा निघाली, विणकाम आलें, छापखाना आला, शेती आणि गोठा आला. आंधळ्या स्त्रियांकरितां वेगळें सदन झालें, आणि बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि त्यांना मनोरमाबाईंनीं शिकविली. ज्या मुलीजवळ वाळूचें पांघरूण होतें, तिनें दोन हजारांना छप्पर दिलें.

सन १९०७ मध्यें रमाबाईंनीं आपल्या आध्यात्मिक प्रवासाची साक्ष प्रसिद्ध केली. तिच्या इंग्रजी नांवांतच कधींही न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. परंतु तिच्यांत किंवा दुष्काळाच्या आठवणींत त्यांनीं उपासमारीला एकदांही चांगलें म्हटलें नाहीं. भूक ही भूकच, अन्याय हा अन्यायच, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. त्यांच्या कृतज्ञतेनें त्यांची दृष्टि मंद केली नाहीं. विधवांच्या स्थितीवर त्या आयुष्यभर तितक्याच तिखटपणें बोलत राहिल्या. येथें एक मोठा गैरसमज दूर होतो. कृतज्ञ मनुष्य म्हणजे मिळेल तें निमूट सोसणारा मनुष्य नव्हे. उलट, जीवन हें देणगी आहे असें ज्याला मनापासून वाटतें, त्यालाच तें कोणी तुडवीत असतां पाहवत नाहीं.

शेवटची परीक्षा उतारवयांत झाली. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. आईवडील, बहीण, भाऊ, पति ह्या सर्वांना गमावल्यावर उरलेली एकुलती एक मुलगी, आणि कामाची वारस, तीही गेली. रमाबाईंची श्रवणशक्ति तोंपर्यंत फार क्षीण झाली होती. हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम त्यांनीं कित्येक वर्षें चालविलें होतें. तें त्यांनीं सोडलें नाहीं. त्या शेवटचीं मुद्रितें तपासून हातावेगळीं करीपर्यंत तग धरून राहिल्या, असें त्यांच्या चरित्रकारांनीं सांगितलें आहे. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. मुलीच्या मरणानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या मनांत काय चाललें असेल, हें कोणीं बाहेरून सांगूं नये. काम मात्र सर्वांसमोर आहे. घेतलेली भाकर त्यांनीं अखेरपर्यंत वांटली.

आतां ज्या कुटुंबांत आज खरोखरीच कांहीं अडचण आहे, त्यांना ह्या सगळ्यांतून काय घेतां येईल? विस्तार न करतां चार गोष्टी सांगतां येतील.

पहिली ही कीं, आधीं दुःख बोलावें. ज्याला प्रार्थना करावयाची असेल त्यानें तक्रारीपासून आरंभ करण्यास संकोच धरूं नये. स्तोत्रकर्त्यांनीं धरलेला नाहीं. रडून झाल्यावर जो आभाराचा शब्द निघतो, तो रडें दाबून काढलेल्या शब्दापेक्षां खरा असतो.

दुसरी ही कीं, आभार मोघम मानूं नयेत. 'देवाची सर्व कृपा आहे' हें वाक्य तोंडीं बसलें म्हणजे त्यांतला अर्थ उडून जातो. पौल कैदेंत असतांना त्यानें फिलिप्पै येथील मंडळीला पत्र लिहिलें. त्या मंडळीनें एपफ्रदीताच्या हातीं त्याला मदत पाठविली होती. पौलानें कोणीं पाठविलें, कोणाच्या हातीं पाठविलें आणि येणारा वाटेंत किती आजारी पडला, हें सारें त्या पत्रांत नांवानिशीं नमूद केलें आहे. संकटाच्या दिवसांत शेजाऱ्यानें आणून दिलेला डबा, औषधाच्या दुकानदारानें थांबविलेली उधारी, रात्रीं दोन वाजतां दार उघडणारा डॉक्टर, ह्यांची नांवें घेऊन आभार मानावेत. देवापुढें मानावेत, आणि शक्य असेल तर त्या माणसांनाही चार ओळी लिहाव्यात. दुःख माणसाला असें भासवितें कीं तो अगदीं एकटा आहे. नांवें मोजूं लागलें म्हणजे तो भास हळूहळू विरतो.

तिसरी गोष्ट संवयीची. ख्रिस्ती घरांत जेवणापूर्वीं क्षणभर थांबून आभार मानण्याची चाल आहे. दुसऱ्या घरांत ताटापाशीं किंवा तिन्हीसांजेच्या दिव्यापाशीं ह्याच जातीची चाल असते. ती चाल चांगल्या दिवसांत मोडूं देऊं नये. मुलांना ती कंटाळवाणी वाटेल. वाटूं द्यावी. रिंकार्टच्या मुलांनाही ती कधीं कधीं वाटलीच असेल.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कृतज्ञता हें ज्याचें त्यानें घ्यावयाचें व्रत आहे. दुसऱ्यावर लादावयाचा तो दंड नव्हे. ईयोबावर संकटें कोसळलीं तेव्हां त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. त्यांनीं केलेलें उत्तम काम तेवढेंच. पुढें ते उपदेश करूं लागले आणि सर्व बिघडलें; ग्रंथाच्या शेवटीं देवानें रागावून दोष दिला तो ह्या उपदेशकांना. म्हणून जो स्वतः सुखांत आहे त्यानें दुःखितापुढें कृतज्ञतेचा उपदेश करूं नये. त्यानें जवळ बसावें, पाणी भरून द्यावें, मुलांना शाळेंत पोहोंचवावें. गरिबाला 'आहे त्यांत आभार मान' असें सांगून त्याची मजुरी कमी देणाऱ्याच्या तोंडीं तर हा शब्द शोभतच नाहीं. दुसऱ्याच्या दुःखांत माणसानें आपली कृतज्ञता सांगावयाची नसते. ती त्याच्या उपयोगीं पाडावयाची असते.

विपत्ति कोणालाही चुकलेली नाहीं. ती आली म्हणजे माणसाच्या हातून बरेंच कांहीं जातें आणि थोडें उरतें. जें गेलें त्याबद्दल शोक करावा. तो माणुसकीचा हक्क आहे. जें उरलें त्याची नीट मोजणी करावी, तें ज्यांच्या हातून आलें त्यांचीं नांवें ध्यानांत ठेवावींत, आणि त्यांतला एक घांस तरी अधिक गरजूच्या ताटांत वाढावा. ख्रिस्ती शिकवणींत विपत्तींतील कृतज्ञता म्हणतात ती हीच.